सगुणा उतरते तेवढं पान

१० डिसेंबर १९७२

हन्नाताईस दयाचा सलाम.

आधीच सांगून टाकते, हे पत्र आईनं लिहायला लावलेलं नाही. तसलं काही मनात आणून उगाच हुरळून जाऊ नकोस. तुझं नाव या घरात काढायचं नाही, हा नियम तू गेलीस त्या दिवशी होता तसाच आहे. पत्ता मी बेलापूरला जाऊन तुझ्या सासरच्या शेजारणीकडून, मालनबाईंकडून काढला. बाईंनी तासभर बसवून घेतलं, तुझ्या संसाराचं सगळं पुराण ऐकवलं, मग कुठे दिला. राधाकृष्णराव कंपाउंडरची नोकरी करतात, नाशिकरोडला दोन खोल्या आहेत, तू कुंकू लावतेस. बरं झालं कळलं.

तू म्हणशील, मग आता हिला काय सुचलं? तर मला बोलायला कुणी नाही. नगरच्या होस्टेलची खानावळ बंद पडली. धान्यच नाही तर खानावळ कशाची? सरांनी सांगितलं, घरी जा, पुस्तकं घेऊन जा, एप्रिलला परीक्षेला या. म्हणून बी.ए.ची विद्यार्थिनी दया सध्या पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर माती वाहते. आई खड्ड्यातून घमेलं भरून देते, मी बांधावर नेऊन टाकते. पहिल्या आठवड्यात मानेचं लाकूड झालं होतं. आता काही वाटत नाही.

अभ्यासाला एक शंभर वर्षांपूर्वीची कादंबरी आहे. अभिजात म्हणतात अशांना. म्हणजे काय, तर जे कुणी आपणहून वाचत नाही आणि वाचलं नाही असं कबूलही करत नाही. एका कोष्ट्याची विधवा, नदीकाठचं गाव, तिची मुलगी सगुणा. तीन-तीन पानं नदीचं वर्णन. इथे प्यायचं पाणी टँकरनं येतं आणि मी त्या कोरड्या खड्ड्याच्या काठावर बसून 'संथ, निळे, अथांग जल' वाचते! डोकंच फिरतं.

दुपारच्या सुट्टीत मोठ्यानं वाचत होते, पाठ व्हावं म्हणून. आमच्या टोळीतली रंगुबाई म्हणाली, "काय वाचतीस गं? आमाला बी कळू दे की." म्हणून आता रोज वाचून दाखवते.

तू बरी असशील. उत्तर लिही, न लिही.

दया


१४ जानेवारी १९७३

हन्नाताई,

उत्तर नाही. ठीक. नाताळ कसा गेला विचारणार नव्हतेच, तुझ्याकडे आता तो कुठला! आमच्याकडे सुकडीच्या वड्या करून नाताळ साजरा झाला. कामावर वाटतात त्या सरकारी सुकडीला काय वास असतो ते तुला माहीत नाही, ते एक नशीब.

पण वाचनाची गंमत ऐक. मी आपली कॉलेजची पोर, कादंबरी वाचते. आणि बायका ऐकतात पोथी! दुपारी भाकरी खाऊन झाली की हात धुतात, टँकरच्या पाण्यानं, तेवढं थोडं असूनसुद्धा. पदर डोक्यावर घेतात. पहिल्याच दिवशी रंगुबाईनं पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं. मी ओरडले, "अगं, कॉलेजच्या लायब्ररीचं आहे ते!" ती म्हणाली, "आसू दे की. पोथी ती पोथी." आता त्या जाड पुठ्ठ्यावर लाल बोटं उठली आहेत. आणि आपली आई? ती कुंकवाला हात लावत नाही, पण प्रकरण संपलं की हात जोडून "आमेन" म्हणते. तिचं ऐकून दगडाबाईसुद्धा म्हणायला लागली. मुकादम लांबून बघतो आणि कपाळाला हात लावतो.

आमचे सर या कादंबरीवर वही भरून टिपणं देतात. करुणरस, नियती, काव्यात्म न्याय. मी बायकांना नियती समजावून सांगत होते तर रंगुबाई म्हणाली, "नशीबच की ते. मंग सरळ नशीब म्हन." सगुणा नावाड्याबरोबर पळून जाते ते प्रकरण वाचलं तेव्हा दगडाबाई मध्येच ओरडली, "आगं बया, मागं वळून तरी बघ! म्हातारी जागीच हाय!" सगळ्या हसल्या. मीही हसले. वर्गात हे प्रकरण शिकवताना कुणी हसलं नव्हतं, कुणी रडलंही नव्हतं. सगळे लिहून घेत होते.

तिथून पुढे मला ते पुस्तक वेगळंच वाटायला लागलं, ताई. होस्टेलवर मी ते दोनदा वाचलं होतं आणि दोन्ही वेळा जांभया दिल्या होत्या. आता घमेलं वाहतानासुद्धा सगुणाची आई माझ्या डोक्यातून जात नाही. ती रोज संध्याकाळी एक ताट जास्तीचं वाढते आणि झाकून ठेवते. सकाळी गाईला घालते. एवढंच आहे, फक्त एका ओळीत. सर म्हणाले होते, ही पुनरुक्ती शैलीचा दोष आहे. मीही वहीत तसंच लिहून घेतलं आहे.

आई हसली नाही त्या दिवशी. सुट्टी संपल्यावर घमेलं भरून देताना मला म्हणाली, "मंग परत येती का गं ती?"

मी म्हटलं, "कोण?"

"ती. पोथीतली."

मी म्हटलं, "पुढे कळेल."

तुला हे मुद्दाम कळवते असं समजू नकोस. आईला तुझी काही पडलेली नाही.

दया


२५ फेब्रुवारी १९७३

ताई,

मागच्या पत्रात शेवटचं वाक्य लिहिलं ते खोटं होतं. आईला तुझीच पडलेली आहे. आता रागावून घे.

रोज विचारत होती, "आली का गं ती?" घरी आल्यावर, चूल पेटवताना, दळताना, अंथरुणावर पडल्यावर. मी टाळत होते. कारण शेवट मला माहीत होता. तू कशाला वाचशील ही कादंबरी, म्हणून सांगते. दहा वर्षांनी सगुणा नावेतून त्याच नदीनं येते. गाव दिसतं, घाट दिसतो, घाटावर म्हातारी आई दिसते. नावाडी विचारतो, "लावू का काठाला?" ती लाजेनं मान खाली घालते. नाव पुढे निघून जाते. आई त्या रात्री जाते. बस्स, संपलं. शेवटच्या पानावर कवटाळून बसायला काही नाही.

तुला आपलं घर आठवतं ना? बाबा असताना रोज संध्याकाळी पवित्र शास्त्र वाचायचे, मग तू वाचायचीस, तू गेल्यावर मी. आईनं आयुष्यात दुसरं पुस्तक ऐकलेलं नाही. एका पुस्तकात लिहिलं ते खरं, मग दुसऱ्यात लिहिलं तेही खरंच असणार, असा तिचा सरळ हिशेब. मी कितीदा सांगितलं, "आई, ही रचलेली गोष्ट आहे, कुणीतरी बसून मनानं लिहिली." ती म्हणाली, "मानसाचं तोंड खोटं बोलतं पोरी. छापल्यालं कशाला खोटं बोलंल?"

एक दिवस रात्री भाकरी खाताना बघते तर तिनं एक भाकरी टोपल्यात बाजूला काढून ठेवलेली. सकाळी तीच भाकरी आम्ही दोघींनी खाल्ली, आपल्याकडे गाय कुठली आता.

तर मंगळवारी शेवटचं पान आलं. टोळीतल्या सगळ्या बायका जवळ सरकून बसल्या. आई अगदी माझ्या गुडघ्याला गुडघा लावून. आणि माझ्याच्यानं वाचवेना. नावाडी विचारतो, "लावू का काठाला?" इथपर्यंत वाचलं, आणि पुढचं मी मनानं वाचलं. नजर पुस्तकात, बोट ओळीवर, आणि तोंडानं भलतंच. नाव काठाला लागली. सगुणा उतरली. आईनं तिला ओळखलं आणि घरी नेऊन झाकलेलं ताट तिच्यापुढे ठेवलं.

रंगुबाईनं पदर डोळ्यांना लावला. दगडाबाई म्हणाली, "आसं पायजे." आई "आमेन" म्हणालीच नाही. बसून राहिली. मुकादमानं शिट्टी मारली तरी उठेना. मग मला म्हणाली, "हन्ना यील."

दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडातून तुझं नाव आलं, ताई.

आता ती रोज काम सुटलं की फाट्यावर जाऊन बसते. संध्याकाळच्या नाशिक गाडीला. गाडी येते, धुरळा उडतो, दोन-चार माणसं उतरतात, ही उठून उभी राहते आणि मग घरी येते. तोंडावर निराशा वगैरे काही नाही. "आज न्हाई आली," एवढंच. पुस्तक तिनं कपाटात शास्त्राच्या शेजारी ठेवलंय. मला हात धुतल्याशिवाय लावू देत नाही.

मी तुझ्या पाया पडते. ये. तुझे हट्ट मला माहीत आहेत, आईनं बोलावल्याशिवाय पाऊल ठेवणार नाही म्हणाली होतीस ना? मग हेच बोलावणं समज. यापेक्षा जास्त तिच्या तोंडातून निघणार नाही. तुम्ही दोघी एका मुशीतल्या. मी छापलेलं खोटं करून बसले आहे, ते खरं करणं आता एकट्या तुझ्या हातात आहे.

तुझी दया


२२ एप्रिल १९७३

ताई,

परीक्षा झाली. त्याबद्दल आधी सांगते, कारण पुढचं सांगायचं जिवावर येतंय.

मी आठ दिवस नगरला मैत्रिणीकडे राहिले. पुस्तक आईनं नेऊ दिलं नाही. म्हणाली, "तुला तर पाठ हाय." खरंच पाठ होतं. पेपरात प्रश्न आला, 'कादंबरीचा शेवट अटळ वाटतो काय? सोदाहरण चर्चा करा.' मी सहा पानं लिहिली. सगुणानं घर सोडलं त्या क्षणीच शेवट ठरला होता, काठाला नाव लावणारा लेखक खोटारडा ठरला असता, वाचकाला गोड घास भरवणं म्हणजे त्याची फसवणूक, असं सगळं. झरझर लिहीत होते. पुरवणी मागितली तेव्हा सुपरव्हायझर कौतुकानं बघत होते. घंटा झाल्यावर लिहिलेलं पुन्हा वाचायला मात्र धजावले नाही.

आणि मी तिकडे पुरवण्या बांधत होते त्याच आठवड्यात इकडे रविवारची उपासना झाली. आई पुस्तक पदरात गुंडाळून घेऊन गेली होती. उपासना संपल्यावर पाळकसाहेबांपुढे धरलं. म्हणाली, "साहेब, माझी दया न्हाई घरी. शेवटचं पान वाचून दाखवा. सगुना उतरती तेवढंच." तिला संशय आला होता असं नाही गं! तिला फक्त ते पुन्हा ऐकायचं होतं. माझ्यावाचून चार दिवस करमलं नव्हतं, एवढंच.

पाळकसाहेब बिचारे भले माणूस. पुस्तकावरचं कुंकू बघून हसले, म्हणाले, "बाई, हे काय?" आणि वाचलं. जे छापलंय ते वाचलं. आई म्हणाली, "हे न्हाई, उतरती ते." त्यांनी पान उलटलं, मागचं पुढचं चाळलं, पुन्हा वाचलं. "उतरत नाही बाई. नाव पुढे जाते." आईनं तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग पुस्तक घेतलं, सलाम केला आणि निघाली. हे सगळं मला अब्राहामकाकांनी सांगितलं. चर्चची झाडलोट करतात ना, ते तिथेच होते. म्हणाले, "दया, तुझी आई अशी चालत गेली की मी हाक मारली तरी तिला ऐकू गेली नाही."

मी घरी आले तर पुस्तक माझ्या पेटीवर ठेवलेलं. कपाटातून काढून. आईनं भाकरी वाढली, पाणी दिलं. मी बोलायला तोंड उघडलं तर म्हणाली, "जेव आदी." नंतर म्हणाली, "परीक्षा चांगली गेली का?" त्याहून तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

रात्री मीच विषय काढला. म्हटलं, "आई, मला तुला दुखवायचं नव्हतं."

ती म्हणाली, "व्हय. ते कळलं."

"पण म्हणून हन्नाताई येणार नाही असं थोडंच आहे? ती गोष्ट आहे आई, रचलेली."

"तू रचलीस ती गोष्ट," आई म्हणाली. "ती छापल्याली."

आता फाट्यावर जात नाही. बाजूला भाकरी काढत नाही. कामावर येते, घमेली भरून देते. दुपारी रंगुबाई म्हणते, "दुसरी पोथी काढ की गं." मी अभ्यास आहे म्हणून सांगते. परीक्षा झाली हे तिला माहीत आहे.

तीन पत्रं लिहिली तुला. तुझ्या हाताला काय झालंय?

दया


१७ मे १९७३

ताई,

आईला कावीळ झाली आहे. कामावरचं पाणी. डोळे पिवळे झालेत, अन्न जात नाही. नेवाशाच्या डॉक्टरांनी नगरला न्यायला सांगितलं, ती ऐकत नाही. औषध दिलं तर घेते, पण घ्यायचं म्हणून. जगायचं म्हणून नाही.

आता पत्र पाठवू नकोस. स्वतः ये. पत्र मलाच वाचून दाखवावं लागेल. तू ये, तिच्यासमोर उभी राहा, तोंडानं काही बोलू नकोस.

दया


२४ जून १९७३

हन्नाताई,

तुझं पत्र मिळालं. तू लिहिलंस की इथून परत गेल्यापासून तुला पहिल्यांदा शांत झोप लागली. आई आपल्याला माफ करून, आपण येतो आहोत हे ऐकून गेली, एवढ्यावर उरलेलं आयुष्य काढीन, असंही लिहिलंस. माझे उपकार मानलेस. मी हे पत्र चार दिवस जवळ ठेवून बसले. तुला झोपू द्यावं असंही वाटलं. पण मी एकदा एका माणसाला गोड घास भरवला, त्याचं काय झालं ते बघितलं आहे. पुन्हा नाही.

मातीच्या दिवशी, तार मिळून आलीस तेव्हा, तू कबरीपाशी मला घट्ट धरून विचारलंस, "माझं पत्र वाचून दाखवलंस ना गं?" मी हो म्हटलं. ते खरं आहे. "पोचलं ना तिला?" मी मान हलवली. चारचौघांत, तुझी ती अवस्था, दुसरं काय करणार होते? आता नीट सांगते.

तुझं पत्र आलं ते मंगळवारी दुपारी. आधी मला रागच आला, स्वतः ये म्हटलं तरी पत्र. मग वाचलं. राधाकृष्णरावांना रजा शनिवारची मिळते, शनिवारच्या संध्याकाळच्या गाडीनं येते, आईला सांग मी चुकले, तिच्या हातची भाकरी खायची आहे. मी अशी धावत आत गेले की उंबऱ्याला ठेच लागली. आई शुद्धीवर होती. मी तिच्या उशाशी बसले आणि पहिल्या शब्दापासून वाचलं. एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाली, "चांगलं वाचलंस."

मी म्हटलं, "आई, खरं आहे! ताईचंच पत्र आहे. बघ, हे बघ, तिचं अक्षर!" आणि कागद तिच्या डोळ्यांपुढे धरला. अक्षर कुणाचं ते तिला काय कळणार? तिच्या दृष्टीनं सगळी सारखीच. मी तिचे डोळे बघत होते, ती कागदाकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती, मायेनं. लहान पोर खोटं बोलताना सापडल्यावर आपण बघतो ना, रागावायचं नाही असं ठरवून, तशी.

मी अब्राहामकाकांना बोलावून आणलं. त्यांना चष्मा लावून, बोट ठेवून, एकेक अक्षर जुळवत वाचावं लागतं. घामाघूम झाले बिचारे. "श-नि-वा-री... ये-ते." आईनं त्यांचंही ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आब्राहाम, तुला बी शिकवून आनलं का पोरीनं?"

काका बाहेर जाऊन रडले. मी पाळकसाहेबांकडे माणूस पाठवला, त्यांच्या शब्दावर तिचा विश्वास होता. ते दुसऱ्या गावच्या उपासनेला गेले होते, शुक्रवारी येणार होते. आई गुरुवारी पहाटे गेली. बुधवारी दिवसभर मी तिला विनवत होते, शपथा घेत होते. ताई, मी बाबांची शपथ घेतली. शेवटी ती म्हणाली, "किती जीव काडतीस गं. तुज्यावर राग न्हाई माजा."

तू विचारलं होतंस, शेवटचं काय बोलली. मी सांगितलं, तुझं नाव घेतलं. घेतलं, खरंच घेतलं. बुधवारी दिवस मावळताना मी पुन्हा तुझं पत्र हातात घेतलं, आणि तिनं ते माझ्या हातातून काढून त्याची घडी केली. म्हणाली, "बास कर दया. हन्ना न्हाई यायची. छापल्यालं ऐकलंय मी तीनदा."

दया